आक्षेप क्रमांक तीन

बरकतपुरा, हैदराबाद
१६ जानेवारी २०२५

ती. अक्काच्या पायांशी,
धाकट्या प्रभाकरचा शि. सा. न. वि. वि.

तिळाचे लाडू पोचले. पोस्टाने ते आधीच फोडले होते, म्हणून आम्ही चमच्याने खाल्ले. चव उत्तम. मी फोन का उचलत नाही असं तू विचारलं आहेस. उचलतो, पण ऐकू येत नाही. कानातलं यंत्र लावलं तर सौ. रजनीची फोडणीसुद्धा दरोडा पडल्यासारखी ऐकू येते, म्हणून ते बहुतेक वेळ कपाटात असतं. तेव्हा आपलं पत्रच बरं.

सुधीर आणि सूनबाई पुण्याला गेल्यापासून नात आमच्याकडेच आहे. मेघनाची नोकरी गच्चीबावलीला एका स्टुडिओत आहे. तिथे सिनेमासाठी कॉम्प्युटरवर जनावरं बनवतात. संक्रांतीला तिने मला लॅपटॉपवर चाळीस सेकंदांचं एक दृश्य दाखवलं. दाखवताना ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी मान हलवली.

अक्का, ते जनावर म्हणजे आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातला लांब मानेचा, झाडपाला खाणारा डायनासोर. तेहेतीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवताना त्याची हाडं मी स्वतःच्या हाताने मोजली आहेत. या लोकांनी त्याला वाघाचे दात बसवले आहेत. शेपूट जमिनीवर फरफटते. घास तोंडात असताना ते ओरडतं. आणि कित्येक हत्तींच्या वजनाचं हे जनावर चारी पाय हवेत ठेवून घोड्यासारखं धावतं. चाळीस सेकंदांत चौदा चुका. सिनेमा पाच भाषांत येणार आहे, म्हणजे सत्तर.

मी रीतसर आक्षेप लिहिले आहेत. मेघना तिथे कामाला असल्याने पत्र तिच्या वरिष्ठांमार्फत, योग्य मार्गाने जाईल, आणि माहितीसाठी प्रत निर्मात्यांना. वरिष्ठांना डावलून मी आयुष्यात कधी अर्ज केला नाही. उद्या नारायणगुड्याच्या पोस्टातून पोचपावतीसह रवाना करतो.

डावा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. पण हा गुडघा बाबांचा आहे. त्यांनी शेवटपर्यंत वापरला, मीही वापरीन.

माया आहे तेवढी ठेव. वाढवलीस तरी आक्षेप नाही.

तुझा
प्रभाकर

*

नांदेड
२२ जानेवारी २०२५

चि. प्रभाकर यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ते पत्र पाठवू नकोस. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण दुसऱ्या ओळीपासून तू चुका शोधायला लागतोस.

माझ्या लग्नात तू दहा वर्षांचा होतास. भर मांडवात तू सगळ्यांना सांगितलंस की नवऱ्या मुलाच्या अंगठीतला खडा काचेचा आहे. खडा काचेचाच होता. पण त्या एका वाक्याबद्दल सासूबाईंनी मला एकोणीस वर्षं ऐकवलं. बरोबर असणं ही तुझी जुनी खोड आहे आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो.

गुडघ्याचं लिहिलंस आणि बाबा डोळ्यांसमोर आले. कोर्टातून आले की त्यांचा जोडा उंबऱ्याशी वाजायचा. मग थांबायचा. मग दुसरा वाजायचा. तेवढ्या वेळात आपण सगळे उठून उभे, बैठकीत बसलेले पक्षकारसुद्धा. तू तेवढ्यात पुस्तक सरळ धरायचास. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. फोटो आहे तो एकच, आणि त्यातही ते बसलेले. गुडघा तू त्यांचा घेतलास, दरारा मात्र नाही, तेव्हा जगाने तुझ्यासाठी उभं राहावं ही अपेक्षा सोड. ऑपरेशन करून घे.

रजनीला सांग, बेगम बाजारात नवी चिंच आली असेल तर माझ्यासाठी दोन किलो ठेव. रागावले असले तरी आशीर्वाद चालूच आहेत.

अक्का

*

हैदराबाद
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्काआजी,

मोठ्यांना शि. सा. न. लिहितात, पण त्याचा फुल फॉर्म मला येत नाही, म्हणून साधा नमस्कार. मी मराठी हळू वाचते, उत्तर मोठ्या अक्षरात लिही.

तुझं पत्र पोचलं तेव्हा आजोबांचं रजिस्टर पत्र आमच्या ऑफिसला जाऊन चार दिवस झाले होते. जॉइन होताना मी एका कागदावर सही केली आहे की सिनेमा रिलीज होईपर्यंत आतलं काहीही बाहेर कुणाला दाखवणार नाही. तरी मी दाखवलं, कारण ते जनावर मी बनवलंय आणि आजोबांनी ते बघावं असं मला फार वाटत होतं. कुणाला बोलायचं नाही असं मी दाखवतानाच सांगितलं होतं. ते हौ म्हणाले होते.

पत्राची पहिली ओळच अशी आहे की आपल्या कार्यालयातील कु. मेघना हिने घरी दाखविलेल्या दृश्यावरून. विक्रम सरांनी, म्हणजे माझ्या बॉसनी, ती मला वाचून दाखवली. प्रत निर्मात्यांकडे गेल्यामुळे ते पण काही करू शकत नाहीत. सतरा तारखेला, सोमवारी, मीटिंग आहे. माझी मैत्रीण वृषाली हिने मागच्या वर्षी एकच फोटो बाहेर पाठवला होता, तर तिला त्याच दिवशी काढलं. मग दुसऱ्या कुठल्या स्टुडिओने पण घेतलं नाही. मला हेच काम येतं, आजी, आणि हेच करायचंय. मी फार परेशान आहे.

आजोबांना दोनदा सांगायला गेले. आवाज चढला की ते यंत्र काढून ठेवतात. तुझं पत्र मात्र ते पेन्सिल घेऊन वाचतात. त्यांनी एवढंच लिहून द्यावं की त्यांनी काहीच पाहिलं नाही, सगळं मनाने लिहिलं. तू सांगितलंस तर ऐकतील.

तुझीच, सध्या नोकरीत असलेली,
मेघना

*

नांदेड
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्रभाकर यास आशीर्वाद, यावेळी मोजकेच.

सोबत मेघनाचं पत्र जोडलं आहे. दोनदा वाच, पेन्सिल न घेता.

पोरीने आपली सगळ्यांत मोलाची गोष्ट तुला विश्वासाने दाखवली आणि तू ती वरिष्ठांमार्फत पाठवलीस. आता मी काहीच पाहिलं नाही असं लिहून दे. तू कधी खोटं बोललेला नाहीस हे मला माहीत आहे. मी बोलले आहे, आणि तुझ्यासाठीच. त्या खड्याच्या वेळी सासूबाईंना सांगितलं होतं की माझ्या भावाला लहानपणापासून कमी दिसतं.

तिची नोकरी गेली तर तुझे चौदाही आक्षेप बरोबर असून त्यांचं काय लोणचं घालायचं आहे?

सोमवारच्या आत कर. बाकी माया वगैरे नंतर बघू.

अक्का

*

बरकतपुरा, हैदराबाद
३ मार्च २०२५

ती. अक्काच्या पायांशी,
अपराधी प्रभाकरचा शि. सा. न. वि. वि.

खोटं लिहायला बसलो होतो. तीन मसुदे केले. पाहिलं नाही म्हणावं, तर शेपूट फरफटते हे कळलं कसं, हा प्रश्न तिन्ही मसुद्यांत सुटत नव्हता. शेवटी कोट घातला, यंत्र कानात घातलं आणि नारायणगुड्याहून मेट्रोने, दोनदा गाडी बदलून, स्वतःच तिथे गेलो.

खोलीत सातजण होते. मी सांगितलं की मुलीने मला बजावलं होतं, यंत्र कपाटात असल्याने मी न ऐकताच हौ म्हटलं, तेव्हा जी शिक्षा असेल ती माझी. मेघना कोपऱ्यात उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. अक्का, चौदा आक्षेप लिहिताना ही मुलगी एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती. त्याची मला फार लाज वाटली आणि मी ते तिथे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

मग विक्रम यांनी माझं पत्र काढलं. आक्षेप क्रमांक तीनखाली, म्हणजे धावण्याच्या आक्षेपाखाली, लाल रेघ होती. त्यांनी विचारलं की जनावर धावत नव्हतं, तर चालायचं कसं. मी म्हटलं, एवढं वजन असलं की पहिल्या पायाने जबाबदारी घेतल्याशिवाय दुसरा उचलता येत नाही. त्यांना समजेना, म्हणून उठून टेबलापासून दारापर्यंत चालून दाखवलं. गुडघ्याने नेहमीप्रमाणे आपला वेळ घेतला. विक्रम यांनी पुन्हा चालायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

मग मला बाहेर बसवलं आणि तासाभराने निर्णय कळवला. मेघनाला लेखी ताकीद, नोकरी कायम. मी तिच्यासारख्याच कागदावर सही करायची आणि आठ दिवस स्टुडिओत यायचं. या आठ दिवसांत त्यांनी मला काळे घट्ट कपडे चढवून, अंगभर बोरांएवढे गोळे चिकटवून, रिकाम्या हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ चालवलं आणि माझी चाल त्या जनावरासाठी कॉम्प्युटरवर टिपून घेतली.

(वरचं वाक्य रद्द समजावं. मी सही केलेली आहे. प्र.)

रजनी विचारते, गुडघ्याला एवढी सूज कशाने. मी उत्तर देत नाही.

उरलेले तेरा आक्षेप फेटाळले. जनावराचे दात तसेच राहणार आणि ते खलनायकाला खाणार. झाडपाल्यावर जगणाऱ्या प्राण्याने माणूस खाल्ला, त्या सिनेमात माझं नाव कुठेही येऊ नये, असं मी लेखी कळवलं आहे. योग्य मार्गाने. यावेळी मेघनाला आधी विचारून.

मोजके आशीर्वाद संपत आले आहेत. जमल्यास पुन्हा पहिल्यासारखे सुरू करावेत.

तुझा
प्रभाकर

*

नांदेड
१७ मे २०२६

चि. प्रभाकर यास अक्काचे अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

काल शेजारच्या तारामतीबाईंनी मला त्या सिनेमाला नेलं. तुझी रद्द केलेली ओळ मी वाचली होती. वर्षभर कुणाला बोलले नाही, मी सही केलेली नसूनही.

पहिला तास मी पदराने कान झाकून बसले होते. दोन इमारती पडल्या, एक पूल पडला आणि नायिकेचे केस काही विसकटले नाहीत. मग तो खलनायक जंगलात पळाला. पडद्यावर नुसता अंधार, आणि सगळं एकदम गप्प झालं. तेवढ्यात लांबवर पाय वाजला. थांबला. मग दुसरा वाजला.

प्रभाकर, मी उठून उभी राहिले.

मागचे लोक बसा बसा म्हणून ओरडायला लागले. तारामतीबाईंना वाटलं मी घाबरले, त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी घाबरले नव्हते. मी पदर सारखा केला आणि उभीच राहिले. झाडांतून ते जनावर बाहेर आलं. पुढचा डावा पाय टेकला, त्याच्यावर भार पडेपर्यंत थांबलं, मान जराशी वाकवून घरात कोण कोण आहे ते पाहिलं, आणि मग उजवा उचलला. चाळीस वर्षांनी बाबा आत आले. मला रडू आवरेना.

नंतर त्यांनी त्या माणसाला खाल्लं. मला त्याचं काही वाटलं नाही. बाबा येत असताना पळून जायची आपल्याकडे पद्धत नव्हती.

मेघनाला माझे आशीर्वाद वेगळे लिहिले आहेत, मोठ्या अक्षरात. तिला म्हणावं, दात वाघाचे असोत नाहीतर सिंहाचे, तुझं जनावर घरंदाज आहे. आणि तू आता गुडघ्याचं ऑपरेशन करून घे. बाबांची चाल तुला एकट्याने सांभाळायला नको, ती आता ठेवलेली आहे.

मी गुरुवारी पुन्हा जाणार आहे. तारामतीबाई येणार नाही म्हणाल्या. मी शेवटच्या रांगेतलं तिकीट काढीन, म्हणजे मागे कुणी नसेल.

तुझी
अक्का