सैंधवाची डबी

कार्तिक शु. ५, शके १८७७. बारामती.
डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत तापवून दाखविली, दुधासारखी साकळली. मूत्रपिंडे थकली आहेत. विकार जाणार नाही, सांभाळावा लागेल. मीठ वर्ज्य, पाणी दिवसास दोन तांबे. पायांची सूज उतरली तरच दत्तजयंतीच्या सप्ताहात इंदापुरास पोथी सांगण्यास जावे. बावीस वर्षांत ते व्यासपीठ चुकलेले नाही. चातुर्मासाचे नियम आजन्म पाळले. हा एक अधिक. भय नाही.

का. शु. १२.
मीठ सुटले. तांब्याला खुणेची सुतळी बांधली. सूनबाईंनी विचारले, सैंधव घालू का? म्हणालो, घाला, उपवासाला चालते, शिवाय सर्व लवणांत श्रेष्ठ. वर श्लोकही सांगितला.

का. व. ४.
सूज तशीच. नडगीवर अंगठा दाबला की खळगा राहतो. पथ्यात तर उणे नाही...

का. व. ९.
डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितले, पथ्य कडक आहे. त्यांनी सूनबाईंना विचारले. सैंधवाचे नाव निघताच लेखणी खाली ठेविली. "शास्त्रीबुवा, उपासाला चालतं ते मूत्रपिंडाला चालत नाही. तेही मीठच."
आज्ञा माझी, मान खाली तिची. घरी येताच तिला सांगितले, चूक माझी. वचन प्रकृती पाहून लावावे, हे मीच लोकांस सांगत आलो.

का. व. १०.
निव्वळ अळणी. घास उतरेना, पान सारले. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "मामंजी, नैवेद्याच्या पानात तरी आपण कुठं मीठ वाढतो?" पान पुन्हा पुढे ओढले. जेवलो.
पिंपळीचा कोंडिबा दुधी घेऊन आला होता. ओट्यावरूनच: "म्हंजी शास्त्रीबुवा आता द्येवाच्या पंगतीला. जपून बसा, तितनं माघारी कुणी येत न्हाय." हसता हसता ठसका लागला, आणि दिवसाचे पाणी संपलेले.

मार्गशीर्ष शु. २.
लिंबू, जिरे, कोथिंबीर. दुधीला स्वतःची चव असते, हे सत्तरीत कळले. वहाणेत अंगठा शिरू लागला.

मार्ग. शु. ६.
उद्या सकाळी डॉक्टर पुन्हा नळी तापविणार, इंदापूर त्यावर. कोंडिबा बैलगाडी घेऊन दवाखान्यापाशी थांबेल. "व्हय म्हणलं तर यष्टीवर सोडतो, न्हाय तर घरी. बैलांना दोनी वाटा ठावं हायती."
पोथी बांधली, सोबत सुतळीचा तांब्या. सैंधवाची डबी सूनबाईंच्या हवाली केली. इंदापूरच्या यजमानांस पत्र गेले आहे: आलो तर माझे पान नैवेद्याचे वाढावे.
आताच अंगठा दाबून पाहिला. खळगा आहे. उथळ आहे.