काकवीचा वास

खटकचिंचोळी,
डिसेंबर १९८६

प्रिय चन्नव्वा,

शरणु शरणार्थी. पाकीट जाड बघून घाबरू नकोस, घरात सगळे बरे आहेत. जीव थाऱ्यावर नाही तो माझा एकटीचा. मला सातवा लागलाय. आईकडून तुला कळलं असेलच, तरी एक ओळ धाडली नाहीस. इथे पाऊल टाकणार नाही असं म्हणून गेलीस, ते अजून धरून आहेस. तुझा राग खोटा नाही, म्हणून मी बोल लावत नाही.

इकडे गुऱ्हाळ सुरू झालंय. अंगणात चुलाण धडाडतंय, काहिलीत रस उकळतोय, दारं, गोधड्या, माझे केस, सगळ्याला गोड वास. मामा दिवसभर तिथेच. (लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी नवऱ्याला मामाच म्हणते, बाया तोंडाला पदर लावून हसतात.) माझ्याकडे बघतो आणि नजर चुकवतो. त्यालाही भीती वाटते, पण बोलून दाखवेल तर तो ईरण्णा कसला!

मागच्या महिन्यात तुमच्या गुलबर्ग्यात येऊन गेले, एका डॉक्टरीणबाईंकडे. तुझ्या गल्लीवरून रिक्षा गेली, उतरायचं धाडस झालं नाही. बाईंना दोन्ही लेकरांचं सांगितलं. जन्मले तेव्हा गुटगुटीत, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध ओढणं सुटलं, अंग ताठलं, आणि गेले. बाईंनी विचारलं, नवरा नात्यातला का? म्हटलं, आईचा सख्खा भाऊ. त्या लिहायच्या थांबल्या. मग विचारलं, लंगोटाला कसला वास यायचा का? मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात तू आठवलीस.

धाकटा झाला तेव्हा तू बघायला आली होतीस. लंगोट धुवायला नेताना सगळ्यांसमोर म्हणालीस, "अक्का, ह्याला काकवीचा वास यायलाय की गं." सगळे खो खो हसले. आज्जी म्हणाली, "गुऱ्हाळवाल्याचं लेकरू हाय, मग कशाचा येईल?" आणि लेकरू गेल्यावर हीच आज्जी गावभर सांगत सुटली, की चन्नीची दृष्ट लागली. चन्ना, तू दृष्ट लावली नव्हतीस. तूच एकटीने आजार ओळखला होतास.

बाई म्हणाल्या, दुधातलं काहीतरी अशा लेकरांना पचत नाही, अंगात त्याचं विष होतं आणि लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो. आईबाप दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला असतो, जवळच्या नात्यात तो जुळायचा धोका जास्त. दर खेपेला चारात एक. ह्या पोटात काय आहे, बसवण्णाच जाणे.

मग तपासणी कुठे होते त्याची शोधाशोध. बाजारात एका लॅबवर 'सरकारमान्य, सर्व तपासण्या' अशी पाटी. मामाने मला आत नेलं. दोघांचं रक्त घेतलं, संध्याकाळी सगळं नॉर्मल म्हणून कागद दिला. मामाने पेढे वाटले गं! बाईंनी कागद बघितला आणि बाजूला ठेवला. ह्यात साखर आणि हिमोग्लोबिन तेवढं आहे म्हणाल्या, ही तपासणी इथल्या कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

शेवटी बाईंनीच हैदराबाद, मुंबई, बंगलोरला पत्रं टाकली. बंगलोरच्या मोठ्या दवाखान्यातून उत्तर आलं, सोबत जाड टिपकागद. लेकराच्या टाचेतलं रक्त त्यावर टिपायचं, सावलीत वाळवायचं आणि टपालाने धाडायचं. ती लॅब भरवशाची आहे, बाईंना खात्री आहे. पण निकाल यायला आठ-दहा दिवस लागणार, आणि माझी दोन्ही लेकरं तेवढीही थांबली नव्हती. म्हणून बाईंनी बजावलंय, कागद धाडायचाच, पण वाट बघत बसायचं नाही. वास आला की तडक माझ्याकडे आणा, मी दूध बंद करून सलाइन लावते आणि लगेच बंगलोरला नेऊ. तरी वाचेलच असं नाही म्हणाल्या. वेळेत कळलं तर आशा आहे.

मामा म्हणाला, "यंदा चुलाण पेटवतच न्हाई, ऊस वाळला तर वाळू दे." पण वास काय चुलाण विझवल्याने जातो? परवा काहिलीत गूळ करपला, शेजारपाजारचे ओरडत धावले, आणि मी तिथेच बसून होते, मला पत्ताच नाही. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. माझं नाक ह्या वासाने मेलंय, चन्ना. लेकरू मांडीवर असेल आणि मला कळणार नाही.

तू लहानपणी आप्पांचा सदरा हुंगून ते कुणाच्या घरी जेवून आले ते सांगायचीस, आणि आप्पा चिडायचे. तेच नाक मला हवंय. मी बाळंतपणाला तुझ्याकडे येऊ का? आज्जीने स्वतः सांगितलंय, "त्या पोरीला म्हणावं, म्हातारी चुकली व्हय, पण लेकरावर राग धरू नको." लेकरू झालं की आधी तुझ्या हातात देणार आहे. प्रत्येक लंगोट तूच बदल आणि हुंगून बघ. आणि वास आलाच, तर ह्या खेपेला कोण हसतंय, कोण काय म्हणतंय ते बघू नकोस. मोठ्याने ओरड. मी उठून पळेन.

तुझ्या होकाराची वाट बघणारी,
तुझीच,
दानक्का