वरची चार बोटं माती

४ मार्च
परत वाढलंय! बाबांच्या भाजीच्या वाफ्यातलं किरणोत्सारी सीझियम. गेल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. मशीन बिघडलं असेल म्हणून नमुना पुन्हा लावला — तोच आकडा. चाळणीवाला (प्रयोगशाळेत माती चाळून डब्या भरायचं काम त्याचं, म्हणून हे नाव) म्हणाला, "मशीनवर कशाला चिडतेस? त्याचं काय तुझ्या बाबांशी वैर आहे?" हसले. हसू आलं नव्हतं.

हा घरगुती नमुना होता. सरकारी नमुना महिनाअखेरीला. बाबा सध्या त्यांच्या घरात आहेत ते तात्पुरत्या परवानगीवर; तो मर्यादेच्या खाली आला तर कायमचे राहणार. नाही आला तर किल्ली परत करायची आणि पुन्हा माझ्या दोन खोल्यांत, गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचं. अणुभट्टीच्या स्फोटानंतर सहा वर्षं तसेच बसले होते. आई तिथेच गेली. बाबा त्या गॅलरीला 'वेटिंग रूम' म्हणतात.

५ मार्च
डोकं चालत नाही. वाढायलाच नको! जे पडलं ते वरच्या चार बोटं मातीत बसलं. चिकणमातीच्या पापुद्र्यांत एकदा शिरलं की ते हलत नाही, पाऊस पडो नाहीतर काही होवो. म्हणून तर ती चार बोटं खरवडून नेली आणि वर नवी माती टाकली. मग आलं कुठून?

८ मार्च, रविवार
सापडलं. सापडलं नसतं तर बरं होतं.

बाबांकडे पोचल्यावर आधी ओढ्याकडे गेले, गाळ वाहून आला असेल म्हणून. ओढा कोरडा. परत आले तर बाबा वाफ्यावर बादली उपडी करत होते. शेगडीतली राख. लाकूड घरामागच्या रानातलं.

"अशी काय बघतेस? तूच म्हणालीस ना, पोटॅश घाला म्हणून? राखेत पोटॅशच असतं की! दुकानातली पोती कशाला आणायची?"

म्हणाले होते खरं. फोनवर, मोठ्या ऐटीत. झाडाला पोटॅश आणि सीझियम सारखंच वाटतं. पोटॅश पोटभर मिळालं की ते सीझियमच्या वाटेला जात नाही. सगळं बरोबर. पण रान कोणी खरवडलं? तिथे ते सालीत, पाचोळ्यात तसंच आहे. लाकूड जळतं, सीझियम जळत नाही. गाडीभर लाकडातलं घमेलंभर राखेत उतरतं — आणि बाबा सगळा हिवाळा ती राख वाफ्यात घालून, वर खणून मिसळत होते. माझं ऐकून!

किरणोत्सार मोजायच्या मीटरचा आवाज बंद करून तो बादलीला लावला. आकडा बघून मीटर पटकन खिशात घातला.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"
"काही नाही. राख तेवढी थांबवा."
"म्हणजे काहीतरी म्हणतंय."

९ मार्च
पुन्हा खरवडायचं? सरकारी टोळी एका घराला एकदाच येते. मी एकटीने फावडं घेतलं तरी आता ते चार बोटांत राहिलेलं नाही, वीतभर खोल गेलंय. आणि काढलेली माती टाकायची कुठे?

१४ मार्च
काही सुचत नाही. कामावर दोन डब्या सांडल्या.

२१ मार्च
बाबांचा फोन. कोबीची रोपं आणू का विचारत होते. म्हटलं, थोडं थांबा.
"किती थांबू? तुझ्या सीझियमला निम्मं व्हायला तीस वर्षं आहेत. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, बाई."
स्वतःच हसले. मी फोन ठेवून रडले.

२७ मार्च
चाळणीवाला तापाने पडलाय, आणि घरोघरचे नमुने आणायला जाणाराही तोच. साहेब म्हणाले, उद्याचा बाबांकडचा सरकारी नमुना तू आण. नातेवाइकांचा आपण घ्यायचा नसतो, मी सांगितलं. "दुसरं आहे कोण? आणि तुझ्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?"

२८ मार्च
केलं.

अवजारांच्या खोलीतल्या जमिनीची एक फळी उचलली. तिच्याखालच्या मातीवर कधी पाऊस पडलेला नाही, स्फोटानंतरचा तो पाऊसही नाही. तीच चिकणमाती, तोच रंग. पिशवी भरली, वाफ्याच्या नावाची चिठ्ठी लावली. वाफ्यातही नमुना काढायचा साचा ठोकून खड्डे पाडले, दिसायला.

बाबा चहा घेऊन आले. "आत काय शोधत होतीस?" म्हटलं, खुरपं. खुरपं माझ्या हातातच होतं. त्यांनी खुरप्याकडे बघितलं आणि चहा पुढे केला.

मला लाज वाटते. पण म्हाताऱ्या माणसाचं आता त्याने काय व्हायचंय? त्या गॅलरीत ते वर्षभरही काढणार नाहीत. इथे निदान आपल्या दारात बसतील. भाजी खाऊ नका म्हटलं तरी खातील. खाऊ देत. यात दुसऱ्या कोणाचं काही जात नाही.

४ एप्रिल
मर्यादेच्या कितीतरी खाली! चाळणीवाला म्हणाला, इतका देखणा आकडा त्या भागातून आलाच नव्हता. बाबा फोनवर नुसतं नाक ओढत होते. मी निर्लज्जासारखी खूश आहे.

२० एप्रिल
साहेबांनी बोलावलं. वाटलं, संपलं. तर म्हणाले, "तुझ्या बाबांच्या आकड्यावर अख्खी गल्ली उघडतोय. एवढी स्वच्छ माती असेल तर लोकांना कशाला अडकवायचं?" इतर घरं मोजणार का, विचारलं. "आता कशाला?"

तोंड उघडलं होतं मी. निघालं ते फक्त 'बरं'.

१२ मे
बाबांच्या समोरच्या घरात माणसं आलीत. बाई फाटकाशी भेटली. "आमचे हे तयारच नव्हते. मी म्हटलं, तपासणारीचे स्वतःचे वडील तिथे राहतात, आणखी काय हवं?" मग हसून म्हणाली, "आमची धाकटी कधी पालेभाजीला तोंड लावत नाही. आजोबांच्या वाफ्यातला पालक मात्र रोज मागून खाते."