शुगर माझ्या कंट्रोलमध्ये

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. आतड्याचा कॅन्सर आहे, पण तो डॉक्टरीणबाईंचा प्रांत. डायबिटिस मात्र माझा. अकरा वर्षं सांभाळलाय. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, मला एका साखरेला वळण लावता येणार नाही?
संकल्प: रोज चालणे. बिस्किटं बंद. बायकोवर चिडणं बंद.

३ मार्च, दुपार
चाललो नाही. ऊन. बिस्किटं दोनच. हिच्यावर चिडलो, पण ते तत्त्वासाठी.

५ मार्च
दुसरी केमो. उलटी होऊ नये म्हणून आधी स्टिरॉइड देतात, त्यानं शुगर चढते म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढे दोन-तीन दिवस इन्सुलिन घ्या. मी सांगितलं, ते ज्यांचा मनावर ताबा नाही त्यांच्यासाठी. त्या म्हणाल्या, काका, याचा मनाशी काही संबंध नाही. वयानं लहान आहेत अजून.

६ मार्च, संध्याकाळ
३६२. मशीन जुनं झालंय.

६ मार्च, पाच मिनिटांनी
३७१. मशीन भंगारात काढायला हवं.
ही म्हणते, इन्सुलिनचं पेन फ्रिजमध्ये आहे. मी फ्रिज उघडणंच सोडलंय. तहान फार. बाथरूमला नवव्यांदा गेलो. तेवढंच चालणं.

७ मार्च
उपाय सापडला! शुगरची गोळी एकाऐवजी दोन. साधं गणित. हिला सांगितलं नाही, उगाच फोन करत बसेल.

८ मार्च
२१०. बघा! तोंडाला चव नाही, पत्रा चघळल्यासारखं वाटतं. अर्धं ताट परत. म्हणजे पथ्यही आपोआप. गोळ्या दोनच चालू.

९ मार्च, सकाळी ९
५८! अकरा वर्षांतला विक्रम! सकाळपासून पोटात काही नाही, गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत. याला म्हणतात शिस्त. हात थरथरतायत, दरदरून घाम फुटलाय. आनंदानं. सुट्टीवर आहे, पण बँकेतल्या बाईंची उद्या ड्रायव्हिंग टेस्ट. आधी तीनदा नापास. अर्धा तास शिकवून येतो.

१० मार्च, वॉर्ड, खाट क्रमांक ६
काल चौकात बाईंना "डावीकडे" सांगायचं तर मी "भोपळा" म्हणालो म्हणे. मग काहीच बोललो नाही. बाईंनी गाडी थेट हॉस्पिटलच्या दारात आणली. एकदाही बंद पडली नाही. मी गप्प होतो म्हणून, असं त्यांचं मत.
शुगर ३९ होती. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, स्टिरॉइडचा असर उतरलेला, पोट रिकामं, वर दुप्पट गोळ्या. अजून थोडा उशीर झाला असता तर... हिच्याकडे बघून वाक्य अर्ध्यातच सोडलं. पुढची केमो लांबणीवर.

११ मार्च
गोळी बंद. शुगर परत वर. सिस्टरनं इन्सुलिनचं पेन हातात दिलं, कसं टोचायचं ते दाखवलं. मी डोळे गच्च मिटून बटण दाबलं. सिस्टर म्हणाली, काका, झालं, उघडा डोळे. डास चावला असता तर जास्त कळलं असतं.
लिहूनच टाकतो. मनावर ताबा वगैरे काही नाही. सुईची भीती वाटत होती.
हिलाही सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल. म्हणाली, मलाही भीती वाटत होती. मी विचारलं, सुईची?
ही माझी चादर उगाचच नीट करत राहिली.