इंजिनाला दिलेले कान

अब्बा, तुमचा नातू अगदी तुमच्यासारखा उभा राहतो हे मला ताइफला जाऊन कळलं, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर संतापले आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये, त्याच्यासाठी दुआ मागावी. ती मी पाचही नमाजांनंतर मागते, तुमचं नाव एकदाही गाळलेलं नाही. पण पायाखालचा मुसल्ला उचलून त्याची घडी घालताना बघते तर राग होता तिथेच असतो. म्हणून आज लिहायला बसले.

जेद्दातलं आपलं ते गच्चीखालचं घर. तुम्ही विमानतळावर मेकॅनिक, आणि शेपटी टेकवून बसणारी, दोन पंख्यांची डकोटा विमानं तुमच्या हाताखाली. तुमचा ओव्हरऑल अम्मा वेगळ्या घमेल्यात भिजवायची, तरी स्वयंपाकघरात तेलाचा वास यायचाच. तुम्ही जेवायला बसलेले असता, डोक्यावरून विमान जातं, आणि घास हातातच थांबतो. "डावं इंजिन मिसिंग मारतंय," तुम्ही म्हणता. "खालचा सिलेंडर." अम्मा पातेलं घेऊन शेजारी उभी. भात वाढू का, विचारते. पुन्हा विचारते. मग खांद्याला हात लावते, तेव्हा कुठे तुम्ही दचकून वर बघता. "मलापण एक पंखा बसवून घ्यायला हवा," ती म्हणायची, "म्हणजे तरी ऐकू जाईल." आम्ही हसायचो. तुम्हीही हसायचात, पण काय म्हणाली ते न कळता, आमच्या तोंडाकडे बघून.

कानात घालायला कंपनी कापूस द्यायची. तो तुम्ही घरी आणायचात. जुम्म्याला त्याचाच अत्तराचा फाया करून कानाच्या पाळीत खोचायचात, आत कधी घातला नाहीत. एकदा तुम्ही कामाला निघताना मी दोन बोळे करून तुमच्या हातावर ठेवले. केवढ्याने खेकसलात माझ्यावर! "कान बंद केले तर इंजिनाचं दुखणं कुणाला कळणार? तुझ्या अम्माला?" तुमच्याबरोबरचे सगळेच तसे. ज्याने कान झाकले तो कच्चा मेकॅनिक, असं तुम्हा लोकांत होतं. म्हणजे विमानं शाबूत राहिली आणि तुम्ही सगळे एकेक करून बहिरे झालात. पुढे जेट आली, तुमच्या इंजिनांचं काम खलास झालं, तुम्ही गावी परतलात. "ह्या फुंकणीत ऐकण्यासारखं आहे काय?" असं जेटला नावं ठेवत माजघरात बसायचात.

आणि त्याच माजघरात तुम्ही बसलेले असताना अम्मा मागच्या मोरीत पडली. मध्ये एक भिंत होती, अब्बा. मी तेव्हा लग्न होऊन इथे जेद्दात. शेजारच्या चाचीने मला नंतर सांगितलं, "गो, भाभी हाका मारीत होती. मी कुंपणापलीकडून ऐकल्या नि धावत आले. तुझा बाप खुर्चीत बसून कुणालातरी विमानाच्या गोष्टी सांगत होता." कुंपणापलीकडे ऐकू गेलं. भिंतीपलीकडे नाही गेलं. अम्मा त्याच आठवड्यात गेली. मयतीला आलेल्या माणसांना तुम्ही म्हणालात, "तिने हाक मारली असती तर मी उठलो नसतो का?" हे मी कुणाकुणाकडून ऐकलं, आणि अजून ऐकते आहे.

आता तुमचा नातू, माझा मुलगा. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता, त्याला कुणी काही शिकवलेलं नाही. चांगला इंजिनिअर झाला, एसीत बसतो. तर ताइफला एका अरबाने हौसेने दोन जुनी डकोटा विमानं आणून ठेवली आहेत, त्यातलं एक पुन्हा चालू करायचंय, आणि ह्याला नोकरी सोडून तिथे जायचंय. ज्याच्या नावावर इथे राहतो तो कफील बदलायचा, राहण्याच्या परवान्याचा इकामा बदलायचा, सगळं ठरवून मग मला म्हणाला, "अम्मी, तू हो म्हण फक्त. तू नाही म्हटलंस तर नाही जाणार." पगार कमी आहे, त्याचं मला काही नाही. घर कसं भागवायचं ते मला येतं. मी म्हटलं, आधी बघू दे.

गेल्या जुम्म्याला घेऊन गेला. पंख्याचं पातं दोन्ही हातांनी ओढून ओढून फिरवलं, खालच्या सिलेंडरात तेल साचलेलं नाही ना ते बघितलं, मग आत बसलेल्याला म्हणाला, "यल्ला!" इंजिन खोकलं, निळा धूर आला, आणि पेटलं. मी कानांवर हात दाबले. ह्याने काय केलं? कानांवरचे मोठे मफ काढून गळ्यात अडकवले आणि मान एका बाजूला कलती करून उभा राहिला, डोळे अर्धे मिटून. जेवणाच्या ताटावर तुम्ही करायचात तशी मान.

घरी आल्यावर मी म्हटलं, "कान झाकून काम करशील तर माझं हो आहे."

"अम्मी, मफ लावले की साउंड कळत नाही. वो तो मशीन से भी नहीं पता चलता."

"मग नाही."

"अगं पण..."

"नाही म्हणते ना मी!"

"ओरडतेस कशाला? ऐकू येतं मला."

"येतंय तोवर ऐक!"

त्याने ऐकलं. राजीनामा दिला नाही. रोज ऑफिसला जातो, येतो, जेवतो, भात हवा का विचारलं की पहिल्या हाकेला हो म्हणतो, आणि हात धुऊन सरळ आपल्या खोलीत जातो. हे तुम्ही केलंत, अब्बा. हौस तुमची, आणि पोराचं तोंड पाडायचं काम माझ्या वाट्याला.

हा कागद कुठे टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. त्याच्या हाती तर मुळीच लागता कामा नये. कारण ताइफला इंजिनाची खोकल्याची उबळ गेली आणि ते एका लयीत चालायला लागलं, तेव्हा मी कानांवरचे हात काढले होते. त्याची पाठ होती, त्याने बघितलं नाही. बंद होईपर्यंत मी तशीच ऐकत उभी होते.