लाल टिकलीचं बटण

१३ एप्रिल

श्रेयांसभाऊ, आधी हेच सांगते की तुम्ही मला फसवलं. आईला सांभाळायचं आणि दोन वेळचा स्वयंपाक, एवढंच बोलला होतात. मशीनशी बोलायचं आहे हे कोण सांगणार होतं? मी रावेरला केळीच्या पॅकिंगला होते, चौथी नापास. मला कॉम्प्युटरपुढे बसवता आणि वर हसता!

बाकी घर झकास. दोंडाईचा भट्टीसारखं तापलंय, पण इथे कूलर आहे, माठ आहे. तुमच्या आई, राजकुंवर बाईजी, लकव्यामुळे बोलत नाहीत, पण माझा हात धरून दाबतात. एकदा दाबला तर हो, दोनदा तर नाही. आमचं जमलं.

तुमचं शिकवलेलं पाठ आहे. लाल टिकली चिकटवलेलं बटण दाबून बोलायचं, ते लिहून घेतं. पिवळ्या टिकलीचं दाबलं की त्यातलं थोडक्यात तुम्हाला पुण्याला कळवतं, तेही बाईजींच्या आवाजात. म्हणे त्यांचे फोनवरचे सगळे जुने निरोप तुम्ही त्याला ऐकवलेत. जाळीचं दार 'दार उघड' म्हटलं की उघडतं. मशीनचं डोकं या पेटीतच, निरोपाशिवाय घरातलं काही घराबाहेर जात नाही म्हणालात. बघू.

१६ एप्रिल

दूधवाला तोताराम जाळीपाशी उभा राहून हसतो. काय अक्का, मशीनसंगे भांडी ऱ्हायनी का? मी म्हटलं, तुनासंगे भांडाले येळ नही म्हणीसन. माझा फोन बंद पडलाय, तो त्याच्याकडे दुरुस्तीला दिला.

बाईजी आज पेज गिळत नाहीत. लाल बटणावर सगळं सांगितलं, पिवळं दाबलं, तर पेटीतून बाईजींचा आवाज, जीम ली बेटा, सब ठीक है, थूं फिकर मत कर. कुठे जेवल्या? वाटीभर पेज माझ्या लुगड्यावर सांडली. हे दुरुस्त करा.

१९ एप्रिल

तीन दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. बाईजींना ताप आहे. पिवळं दाबून दाबून बोट दुखलं. तेच पुन्हा. जीम ली. सब ठीक है.

तोताराम सांगत होता, मागे बाईजी पडल्या, हात गळ्यात बांधलेला, तरी फोनवर तुम्हाला सब ठीक. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं त्यांनी तुम्हाला दुसरं काही सांगितलंच नाही. मशीन तेवढंच शिकलं.

मी बाईजींना विचारलं, ठीक आहे का? त्यांनी दोनदा हात दाबला. मग पुन्हा दोनदा. सोडेचनात.

२१ एप्रिल

डॉक्टरला आणायला निघाले. दार उघड म्हटलं. पेटीतून बाईजी म्हणाल्या, कठै जावै, सब ठीक है. दार उघडलं नाही.

बाईजी माझ्यासमोर पलंगावर. ओठ मिटलेले.

शिव्या दिल्या. मेन स्विच पाडला. कूलर थांबला, ते थांबलं नाही. त्याला इन्व्हर्टर लावलाय आणि तो कुठे आहे ते तुम्ही सांगितलं नाही. शेजारचे सगळे लग्नाला गेलेत. ओरडून घसा बसला.

२२ एप्रिल

तोताराम फोन घेऊन आला. मी आत बाईजींना कुशीवर वळवत होते. त्यांना तसंच टेकवून धावले, पण त्याच्या आधी दाराजवळच्या स्पीकरमधून आवाज—

माझा आवाज. आठ दिवस दूध नको रे भाऊ. बठ्ठं बरं शे. फोन राहू दे तुनाजोडे.

सगळं बरं आहे म्हणे! मी कधी कोणाशी इतकं गोड बोलले? पण तो गेला. गाडी सुरू केली नि गेला. जाळी हलवत राहिले.

रोज लाल बटणावर मीच बोलत होते ना. मीच शिकवलं त्याला.

२३ एप्रिल

बाईजी हात दाबत नाहीत. अंग गरम. श्वास आहे— मी ओठांजवळ कान नेला— आहे.

मागे पेटीतून दोघी बोलताहेत. एकमेकींना विचारताहेत, जेवलीस का—

२४ एप्रिल

भाऊ, पिवळं दाबायचं सोडलंय. कधी तुम्ही स्वतः हे उघडून वाचाल म्हणून बोलतेय. खूण सांगते. या घरात पाय ठेवल्यापासून मी तुमच्याशी एक शब्द गोड बोललेली नाही. तक्रार दिसली तर ती मी. गोड बोलली तर ती मी नाही, ती—

डॉक्टर घेऊन या. जाळी कापायला माणूस आणा. बाईजी अजून आहेत. रविवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे. रविवारी संध्याकाळपर्यंत, आणि नाही जमलं तर राहू द्या भाऊ, तुम्ही कामात असता, उन्हातान्हात कशाला येता, बाईजी जेवल्या, मी बरी शे, इथे बठ्ठं—