तीन वस्तरे, एक दगड आणि धाकटा भाऊ यांची व्यवस्था

मी, वय छप्पन्न, व्यवसाय संस्कृतची मास्तरकी, पूर्ण शुद्धीवर असून माझ्यावर कोणाचेही दडपण नाही (पत्नी शेजारच्या खोलीत आहे, दार उघडे आहे), असे जाहीर करून हे लिहून ठेवतो. गुरुवारी माझे हृदय उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही," आणि चार ठिकाणी सह्या घेतल्या. ही पाचवी.

कलम १. घर व शिल्लक पत्नीला. घर आजवरही तिचेच होते. मी आत राहत होतो.

कलम २. कोश मुलीला. ती ते विकणार. निदान रद्दीवाल्याला वजनावर देऊ नयेत, एवढी विनंती.

कलम ३. वडिलांचा वस्तरा, माझे दोन, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा धाकट्या भावाला. सोबत ही सूचना: धार रोज सारखी हवी असेल तर वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवावी, जोर लावू नये, फेऱ्या मोजाव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मी एका दिवसात दगडावरचे पाणी, हाताचा जोर आणि फेऱ्या सगळेच बदलत असे व धार जमली तर श्रेय विद्वत्तेला देत असे. तीस वर्षे मुलांकडून धातू चालवून घेतले. हा एक धातू कधी लोण्यासारखा चाले, कधी गाल सोलून काढी.

कलम ४. कबुली. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने स्वतःच्या लग्नाच्या सकाळी वडिलांचा वस्तरा वापरला. दुसऱ्या दिवशी मी तो दगडावर पाजवला आणि दाढी करताना माझा गाल फाटला. त्याच्या सासरच्या माणसांदेखत मी म्हणालो, "हाताला वळण नाही. पाडलास ना?" तो "नाही" म्हणाला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

गेल्या शुक्रवारी पत्नीने दगडावर माझी पोलादी पट्टी उभी धरली आणि खिडकीकडे केली. पट्टीखालून उजेड आला.

"हे काय?" मी विचारले.

"खळगा. रोज मधोमधच घासता ना? मधे पात्याला दगड लागतच नाही. चुकून कडेला घासलंत त्या दिवशी धार बरी, एवढंच."

मग काचेवर काचकागद पसरून, दगडावर पेन्सिलीच्या आडव्याउभ्या रेघा मारून, त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत मी दगड घासला. त्यानंतर सलग चार दिवस धार एकसारखी. म्हणजे वस्तरा निर्दोष, भाऊ निर्दोष. उरलो मी.

कलम ५. वरील कलम पत्नीने वाचले व मला न विचारता त्याला फोन केला. तो वीस मिनिटांत आला, उभ्यानेच कागद वाचला.

"दादा, माफी मृत्युपत्रातून मागतोस? मी वाचणार, तेव्हा तू कुठे?"

"कुठेही असेन, पण..."

"सोयीचं आहे. वस्तरा नको मला. तोंडाने बोल."

"साक्षीदार बसलेत."

"तेव्हा तर अठरा माणसं होती."

मी माफी पुटपुटलो. तो म्हणाला, "ऐकू आलं नाही." पत्नी दारात आली. मी पुन्हा म्हणालो: "चुकलो रे. वस्तरा तू पाडला नव्हतास. दगड माझा वाकडा होता, आणि मीही."

त्यावर त्याने खुर्ची ओढली व पत्नीकडे चहा मागितला. कलम ३ कायम.

स्थळ: राहत्या घरचे स्वयंपाकघर. मंगळवार, सकाळचे अकरा.

(सही) मृत्युपत्र करणारा, थोरला भाऊ

साक्षीदार १. कोपऱ्यावरचा सलूनवाला. समक्ष सही केली. माफी दोन्ही वेळा ऐकली.

साक्षीदार २. वरच्या मजल्यावरच्या काकू. समक्ष सही केली. पहिली वेळ मी धरत नाही.